सात बेटं : गिऱ्हे आले कुठून? उगमाचा प्रश्न एकदाचा मिटवू या

चौथी सीट (धागाकर्ता)

मंडळी, 'सात बेटं' या आपल्या सामाईक विश्वाचा नकाशा झाला, वस्ती ठरली, होड्यांचे प्रकारही ठरले. गाडं अडलंय ते गिऱ्ह्यांपाशी, म्हणजे माणसाला पाण्यात ओढणाऱ्या भुतांपाशी. आजवरच्या अकरा कथांत त्यांचे पाच उगम येऊन गेलेत. एकीत तो बुडून मेलेला माणूस आहे, दुसरीत त्याला पिल्लं आहेत, तिसरीत मांत्रिकाने कणकेच्या बाहुलीतून उठवलाय. वाचणारा साधा प्रश्न विचारतो, हा मरतो कशाने? दर कथेत उत्तर निराळं.

नव्यांसाठी चौकट : काळ साधारण १७८० चा. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधलं खिंडार उघडं. खऱ्या मुंबईत ते १७८४ च्या सुमारास बांध घालून बुजवलं, आपल्याकडे बांध टिकतच नाही. त्यामुळे भरतीचं पाणी पार भायखळ्यापर्यंत येतं आणि पायधुणीला लोक खरोखरच पाय धुतात. वस्ती दहा हजार. नकाशाच्या कोपऱ्यात 'गिऱ्हे : ४०' असं लिहिलंय.

उगम एकच हवा. मत मांडा, पण हिशेबासकट.

हाडामासाचा

प्राणी म्हणूनच धरा. जन्मतो, खातो, पिल्लं घालतो, मरतो. बाकी सगळे उगम म्हणजे लेखकाची पळवाट.

आधी आकार. मुखपृष्ठावरच्या चित्रात गिऱ्हा अठरा फुटी आहे, म्हणजे माणसाच्या तिप्पट. उंची तिप्पट झाली की वजन २७ पट होतं, पण हाडाचा छेद नऊच पट. हाडावरचा ताण तिप्पट. पाण्यात हे खपून जातं, पाणी तोलून धरतं. ओहोटीला काय करणार? तळव्याचं क्षेत्र नऊ पट, वजन २७ पट, म्हणजे गाळावरचा दाब तिप्पट. जिथे माणूस घोट्यापर्यंत रुततो तिथे हा मांडीपर्यंत जाईल. तिसऱ्या कथेत तो गाळातून धावत माणसाचा पाठलाग करतो, ते काढून टाका. उंची सात फुटांच्या आत आणा, पाय बदकासारखे पसरट करा, मग बोलू.

बोंबील_सुका

आणि खातो काय?

हाडामासाचा

शंभर किलोचा, गरम रक्ताचा शिकारी धरला तर दिवसाला सरासरी तीन किलो मांस. चाळीस जणांचे वर्षाला ४३,८०० किलो.

बोंबील_सुका

एका माणसातून तीस किलो मांस धरा. वर्षाला १,४६० माणसं. दहा हजारांची वस्ती सातव्या वर्षी संपली. विश्व बंद, दुकान बंद.

हाडामासाचा

म्हणून तर माणूस हे त्याचं मुख्य अन्न नाही. मासे, खेकडे, तिवरांतली पाखरं, एखादं चुकलेलं गुरू. थंड रक्ताचा केला तर खाणं साधारण दहाव्या हिश्श्यावर येतं, वर्षाला साडेचार टन. खाडी तेवढं सहज देते. माणूस वर्षादोन वर्षांतून एखादा, तोही अंधारात चुकून.

बोंबील_सुका

थंड रक्ताचा, खाडीत राहणारा, मासे खाणारा आणि क्वचित माणूस ओढणारा. अहो, ही मगर झाली. मगरी पवईच्या तलावात आजही आहेत. त्यासाठी सात बेटं उसवायची गरज नव्हती.

शब्दवेडी

=)) वाखूसा (वाचनखूण साठवली).

थोडं गंभीर. प्राणी केला की पिल्लं आली. बाराव्या कथेत कुणाला तरी तिवरांच्या मुळांत अंडी सापडणार, आणि तेव्हा आपल्या नायकाने काय करायचं? अंडी फोडली तर तो नायक राहत नाही. नाही फोडली तर पुढच्या प्रत्येक बुडालेल्या माणसाचा हिशेब त्याच्या माथी. हा पेच चांगला आहे, पण मग सगळं विश्व त्याच एका पेचाभोवती फिरणार. ते हवंय का, हे आधी ठरवा.

पिंपळपार

कोकणात भूत हा प्राणी कधीच नव्हता, ती अवस्था आहे. अर्धवट राहिलेल्या कामाची अवस्था. मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत गेला तो मुंजा. बाळंतपणात किंवा पोटुशी असताना गेली ती हडळ, अळवंतीण. सवाष्ण गेली ती जखीण. विद्वान ब्राह्मण वासना ठेवून गेला तर समंध. पाण्यात गेला तो गिऱ्हा. प्रत्येकाचं नावच सांगतं की काय राहून गेलं. आणि जे राहून गेलं त्यातच उपाय.

हडळीचं बघा. बाळंतीण गेली की घरापासून मसणापर्यंतच्या वाटेवर राळे टाकत जायची रीत होती. सगळे दाणे वेचल्याशिवाय तिला परत येता येत नाही, ही समजूत. सातव्या कथेत हे वापरलंय, पण लेखकाने गोणीभर राळे ओतलेत. इतके लागतच नाहीत.

वजाबाकी

किती लागतील ते काढून ठेवतो, कामाला येईल.

राळ्याचे हजार दाणे साधारण दोन ग्रॅम भरतात. मध्यरात्र ते पहाटेचे चार, म्हणजे १४,४०० सेकंद. सेकंदाला एक दाणा वेचला तर तीस ग्रॅम राळे, म्हणजे पंधरा हजार दाणे, एका रात्रीला पुरतात. एक मूठ, बस. तांदूळ वापरलात तर हजार दाण्यांचे वीसेक ग्रॅम, म्हणून तेवढ्याच रात्रीला तीनशे ग्रॅम लागतील. राळेच का, याचं उत्तर बहुधा इथेच आहे : बारीक आणि स्वस्त.

काय बिघडतं : पावसाळ्यात दाणे वाहून जातात किंवा रुजतात. सकाळी चिमण्या टिपतात. दाणे उरलेच नाहीत तर वेचण्याचं कामही उरलं नाही, वाट मोकळी. म्हणजे आषाढात गेलेली बाळंतीण ही खरी धास्ती. सातव्या कथेचा महिना बदला.

आता पिंपळपार यांच्या उगमातली मोठी खोट. मेलेल्यातून गिऱ्हा होत असेल तर आकडा फक्त वाढत जाणार. वर्षाला वीस माणसं बुडाली तर दोनशे वर्षांत चार हजार गिऱ्हे. नकाशावर चाळीसच कसे?

पिंपळपार

अवस्था संपते ना. काम पुरं झालं की सुटतो.

वजाबाकी

किती सुटतात? वर्षाला बरोब्बर वीस सुटले तरच आकडा थांबेल. एवढे मांत्रिक आपल्या नकाशात नाहीत.

उदात्त

दोन्ही बाजू जन्म आणि मृत्यू यांत अडकल्यात. तिसरा उगम विसरू नका : घडवलेला. पुराणांत तोच सगळ्यांत तपशीलवार आहे, आणि त्यातली चूकही नोंदलेली आहे.

वृत्र घ्या. इंद्राने त्वष्ट्याच्या मुलाला, विश्वरूपाला मारलं. त्वष्ट्याने इंद्राचा काळ निर्माण करण्यासाठी आहुती दिली, शब्द वापरला 'इंद्रशत्रु'. अक्षरं बरोबर, स्वर चुकला. उदात्त, म्हणजे चढा स्वर, शेवटच्या अक्षरावर असता तर तत्पुरुष, म्हणजे इंद्राला मारणारा. तो पडला पहिल्यावर, झाला बहुव्रीही : इंद्र ज्याला मारणारा आहे असा. वृत्र अजस्र झाला, पण मरण घेऊनच उठला. पतंजलीने व्याकरण का शिकावं हे सांगताना हेच उदाहरण दिलंय.

कथा लिहिणाऱ्याला यापेक्षा चांगलं यंत्र मिळणार नाही. राक्षसाचं मर्म त्याच्या पोटात किंवा बेंबीत नाही, तो उठवणाऱ्याच्या वाक्यात आहे. नायकाने तलवार शोधायची नाही, ते वाक्य कुणी आणि कसं म्हटलं ते शोधायचं.

कृत्येचाही, म्हणजे मंत्राने कुणाला मारायला सोडलेल्या शक्तीचाही, नियम पक्का आहे : ज्याच्यावर सोडली तो तिच्या आवाक्याबाहेरचा निघाला, तर ती सोडणाऱ्यावर उलटते. काशीच्या सुदक्षिणाने अभिचार करून द्वारकेवर सोडलेला अग्नी परत फिरला आणि त्यालाच ऋत्विजांसकट जाळून गेला.

वजाबाकी

एका वेळी एक होतो हा. चाळीस गिऱ्ह्यांना चाळीस यज्ञ. तूप कुणाच्या घरचं?

घारापुरी लाँच

एकातून अनेक करायचे तर रक्ताचा उगम आहेच की. अंधकासुर, रक्तबीज. थेंब सांडला की नवा उठतो. मिलिलिटरला वीस थेंब धरा, पन्नास मिलिलिटर सांडलं तर हजार असुर. एका वाराला.

हे बघायला लांब जायला नको. घारापुरीच्या मुख्य लेण्यात अंधकासुरवधाचं शिल्प आहे. खालचा भाग फुटलाय, पण शिवाचे हात नीट बघा. एका हातात वाडगा आहे, रक्त झेलायला. मूर्तिकाराला नेमकं कळलं होतं की या असुराशी लढताना शस्त्रापेक्षा भांडं महत्त्वाचं. देवीमाहात्म्यात तेच काम चामुंडेचं तोंड करतं.

पण गिऱ्ह्याला हे लागू करू नका. तो पाण्यात राहतो. पाण्यात रक्त झेलणार कसं? पहिल्याच झटापटीत खाडीभर गिऱ्हे.

हाडामासाचा

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

मोडीवाचक

चौथा उगम कुणीच काढला नाही, आणि तो तर या शहराच्या नावातच बसलाय. मुंबारक. वर मिळून माजलेला दैत्य, देवीने त्याला हरवलं, त्याने शेवटी एवढंच मागितलं की तुझ्या नावात माझं नाव राहू दे. म्हणून मुंबादेवी, असं माहात्म्य सांगतं. काही जुन्या इतिहासकारांनी या मुंबारकात दिल्लीचा मुबारक शाह खिलजी पाहिला, जो १३१६ ते १३२० गादीवर होता. ही व्युत्पत्ती मला तरी ओढूनताणून वाटते. पण तऱ्हा ओळखीची आहे : शत्रू आला, गेला, दोन पिढ्यांनी त्याला शिंगं फुटली.

म्हणून भुतांच्या याद्या जपून वापरा. पिंपळपार यांनी दिलेली वर्गवारी ज्यांतून येते त्या नोंदी बघा. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन, ज्यांना डिसेंबर १९०९ मध्ये अनंत कान्हेरे यांनी गोळी घातली, त्यांनी जमवलेल्या टिपणांतून कोकणचा भाग १९१५ मध्ये मुंबईत छापला गेला. माहिती पाठवणारे बरेचसे शाळामास्तर. त्या यादीत भुतांनाही जाती आहेत, आणि परक्याचं भूत आपल्या भुतापेक्षा जास्त आडदांड. खवीस कुणाचं भूत म्हणून सांगतात ते वाचलंत की कळेल. मास्तरांनी लिहिलेला गिऱ्हा हा काठावरून दिसलेला गिऱ्हा आहे. रोज खाडीत होडी घालणाऱ्याला विचारलं असतं तर यादी वेगळी झाली असती.

पिंपळपार

मान्य. पण मग गिऱ्हा खोटा ठरवायचा? सगळं शेवटी माणसांनी उठवलेलं कुभांड निघालं तर कल्पितविश्वात उरलं काय?

मोडीवाचक

खोटा नको. नाव कुणी ठेवलं एवढं विचारा, म्हणजे झालं.

उधाण

उशिरा आलो. उगमाचं तुम्ही बघा, पण आठ कथांत एक ढोबळ चूक आहे ती सांगतो. आठही जणांनी गिऱ्ह्याला अमावस्येच्या मध्यरात्री, पायी खाडी ओलांडणाऱ्यावर सोडलंय. अमावस्येच्या मध्यरात्री पायी खाडी ओलांडता येतच नाही.

कोकणातला सोपा हिशेब : तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ साधारण निघते. पंधरावी तिथी, म्हणजे पुनव किंवा अवस, पाऊणपट सव्वाअकरा. दुपारी आणि रात्री त्या सुमारास खाडी तुडुंब, आणि त्यात उधाण. तेव्हा उतारावर पाय कोण घालेल? ओहोटी त्याच्या सहा तास मागे-पुढे, म्हणजे संध्याकाळी पाच-सहाला, लख्ख उजेडात.

आता अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. भरती सकाळ-संध्याकाळी सहाला, ओहोटी दुपारी बाराला आणि रात्री बाराला. मध्यरात्री उतार मोकळा मिळतो तो अष्टमीच्या आगेमागे. पण अष्टमीला भांग असतो. भरती कमी चढते आणि ओहोटीही कमी उतरते. अवसेच्या ओहोटीला जिथे कोरडा गाळ दिसतो तिथे अष्टमीला कमरेएवढं पाणी राहतं. अवसेचा उतार पाहिलेला माणूस त्याच भरवशावर रात्री पाय टाकतो, आणि मध्यावर गेल्यावर त्याला कळतं.

गिऱ्ह्याची रात्र अष्टमीची. उगम कुठलाही ठेवा.

शब्दवेडी

दंडवत. आठही कथा दुरुस्तीला टाकल्या.

चौथी सीट

उधाण यांचं थेट नियमावलीत जातंय. उगमाकडे परत या. वजाबाकी यांचा आकड्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

बोंबील_सुका

आकडा स्थिर ठेवायचा तर एकच तोड : बदली. गिरणीत असायचा तसा. एक जण पाण्यात ओढला की ओढणारा सुटला, ओढलेला त्याच्या जागी उभा. चाळीस जागा, चाळीस गिऱ्हे. कितीही बुडू देत, आकडा हलत नाही. आपसूक बुडालेल्याला जागाच नाही, तो नुसता मेला.

वजाबाकी

हिशेब बसतो. म्हणजे चाळीस ही गिऱ्ह्यांची संख्या नाही, जागांची आहे. पण मग पहिले चाळीस कोण? आणि जागा कसल्या?

उदात्त

जागा म्हणालात म्हणून आठवलं. रामायणाच्या उत्तरकांडात राक्षसांचा उगम सांगितलाय तो असा : ब्रह्मदेवाने आधी पाणी केलं, मग त्या पाण्याच्या रक्षणासाठी जीव केले. त्यांतले काही म्हणाले, आम्ही रक्षण करतो. ते राक्षस. दुसरे म्हणाले, यजन करतो. ते यक्ष. म्हणजे मुळात राक्षस हा ना प्राणी, ना प्रेत. ती नेमणूक आहे. पाण्यावरची राखण.

पिंपळपार

आणि आपल्याकडे पाण्यावर नेमलेली माणसं कोण होती? बांधावरची.

वरळीच्या बांधाची दंतकथा सगळ्यांना माहीत आहे. बांध सारखा खचत होता. रामजी शिवजी प्रभूंच्या स्वप्नात देवी आली, समुद्रातून मूर्ती काढली आणि मग बांध उभा राहिला. आपल्या विश्वात ते स्वप्न कुणाला पडलंच नाही. बांध खचतच राहिला. ज्या रात्री पहिला बांध फुटला त्या रात्री त्याच्यावर राखणीला मजूर होते. चाळीस. त्यांना कुणी 'सुट्टी झाली' म्हणून सांगितलं नाही.

राहून गेलेलं काम हेच. सोडमुंज राहिलेल्या मुंजासारखी यांची पाळी सुटायची राहिली.

हाडामासाचा

अठरा फूट तरी सोडा.

चौथी सीट

सोडले. माणसाएवढा.

वजाबाकी

मग सोडवायचा कसा? रामायणातल्या विराधाला शस्त्र लागत नव्हतं म्हणून खड्ड्यात पुरावा लागला, कबंधाला जाळावं लागलं. शाप वेगळे, उपायही वेगळे. याचा उपाय याच्या उगमातून निघायला हवा. राळे पाण्यात चालणार नाहीत, तळाशी बसतील नाहीतर वाहून जातील.

उदात्त

नेमणूक शब्दांनी झाली, सुटकाही शब्दांनीच. बांधाच्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढे 'कमी केला' असा शेरा मारायचा आणि उतारावर उभं राहून, ओहोटी संपायच्या आत, ते नाव मोठ्याने वाचायचं. नाव चुकलं, काना-मात्रा जरी, तर वृत्रासारखी गत. ज्याचं नाव वाचाल तो तुमच्या जागी नाही, तुम्ही त्याच्या.

उधाण

वेळ किती मिळतो तेही लिहा. ओहोटीच्या तळाला पाणी थांबल्यासारखं वाटतं ते अर्धा तास धरा. तेवढ्यात मध्यापर्यंत जायचं, वाचायचं, परतायचं. कमरेएवढ्या पाण्यात, अंधारात, पायाखाली गाळ. कागद कोरडा कसा ठेवणार ते नायकाने बघावं. सुचवणी : बांबूचं नळकांडं, दोन्ही तोंडांना मेण.

मोडीवाचक

सगळं जमलं, पण एक सांगू? त्या काळच्या हजेरीपटावर मुकादमाचं नाव असायचं, गवंड्याचं असायचं. बिगाऱ्याचं प्रत्येक वेळी असेलच असं नाही. 'बिगारी, असामी ३७' एवढी एक ओळ, पुढे मजुरीची बेरीज. तुमच्या चाळीसांत नावाचे तीनच निघतील.

पिंपळपार

मग बाकीच्यांना हाक कशी मारायची?

शब्दवेडी

थांबा. हाक ते मारतात ना! रात्री पाण्यावरून नावाने हाक आली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये, हे सगळ्यांनाच ठाऊक. आपण इतके दिवस धरून चाललोय की गिऱ्हा माणूस ओढायला हाक मारतो. त्याला नाव हवंय. तुम्ही ओ दिलीत की ते नाव तुमचंच हे पक्कं झालं, त्याने ते घेतलं आणि त्यावर तो सुटला. बिननावाचा उरलात तुम्ही. बदली अशी होते.

बोंबील_सुका

+१. आणि बदल्यात मिळालेला गिऱ्हाही बिननावाचाच, म्हणून तोही हाका मारत राहणार. ज्या तिघांची नावं पटावर आहेत ते मात्र कधीच हाक मारत नाहीत. ते नुसते उभे असतात.

वजाबाकी

सदतीस हाका मारणारे, तीन गप्प. आकडा बसला.

चौथी सीट

नियमावलीत घेतो. तिवरांतली अंडी, कणकेची बाहुली आणि तिसऱ्या कथेतला पाठलाग रद्द. हजेरीपटाचा नमुना मी करून टाकतो, सगळ्यांनी तोच वापरा. रकाने : अनुक्रम, नाव, गाव, हजेरी, मजुरी, शेरा. 'नाव' रकाना रुंद ठेवू?

मोडीवाचक

अरुंद. 'बिगारी' मावेल एवढाच.